मदत हवी आहे: मराठी शोधनिबंधाचं शीर्षकपान

नमस्कार मंडळी. आमचा निबंध एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) लेखन-नियमावलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे (२०१९) लावतेय. शीर्षक ठळक, मधोमध, वरून तीन-चार ओळी सोडून. मग एक ओळ रिकामी, त्याखाली लेखक आणि संस्था. उजव्या कोपऱ्यात पानाचा आकडा. हे सगळं जमलं.

अडलंय ते रनिंग हेडपाशी, म्हणजे प्रत्येक पानाच्या माथ्यावर येणाऱ्या छोट्या शीर्षकापाशी. मर्यादा ५० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. पण युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायची पद्धत) वेलांटी आणि हलन्त स्वतंत्र चिन्हं असतात. ‘शिक्षण’ वाचताना तीन अक्षरं, चिन्हं मात्र सहा! मग ५० मोजायचे कसे? शिवाय ते कॅपिटलमध्ये हवं असतं. देवनागरीत त्याऐवजी ठळक करावं का? शीर्षक उगाच तोडायचं जिवावर येतंय. मराठीत निबंध छापलेल्यांनी कृपया सांगा.