मदत हवी आहे: एका कॅमेऱ्याचं रॉ, दुसऱ्याचं ८ बिट, मॅच कसं करू?

मंडळी, शॉर्ट फिल्मचं ग्रेडिंग (शॉटचे रंग जुळवणं) करतोय दाविंची रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरमध्ये आणि पुरता अडकलोय. मेन कॅमेरा १२ बिट ब्लॅकमॅजिक रॉवर (म्हणजे सेन्सरचा जवळपास कच्चा डेटा) होता, पण दुसऱ्या दिवशी कार्ड भरलं म्हणून संध्याकाळचे समुद्रावरचे शॉट मित्राच्या मिररलेस कॅमेऱ्यावर घेतले, एच २६४ (दाबून साठवलेला व्हिडिओ), ८ बिट, ४:२:० (रंगाची माहिती कमी), आणि वर शहाणपणा करून लॉगमध्ये, म्हणजे कॉन्ट्रास्ट दाबलेल्या फिक्या प्रोफाइलमध्ये (माझाच हट्ट, मित्र नको म्हणत होता).

आता रॉ क्लिपचा व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवरून ४८०० केला तरी काही बिघडत नाही, पण मिररलेसच्या क्लिपला जरा कॉन्ट्रास्ट दिला की सूर्याच्या भोवतीच्या आकाशात पट्टे पट्टे दिसतात, कांद्याच्या चकतीसारखे, आणि हिरोईनच्या गालावर हिरवट डाग. चॅनलला २५६च पायऱ्या, त्यातही लॉगने दाबलेल्या, म्हणजे ताणल्यावर हे होणारच, ते कळतंय.

कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (एका कॅमेऱ्याचे रंग दुसऱ्याच्या मापात बसवणारं टूल) लावून बघितलं, रंग जवळ आले पण पट्टे तसेच. आधी डीनॉइज करून (नको असलेले दाणे काढून) शेवटी ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) टाकू का, की रॉचाच ग्रेड हलका ठेवून त्यालाच मिररलेसच्या पातळीवर खाली आणू? रीशूट शक्य नाही. कोणी असं निस्तरलं असेल तर नोड्सचा (रिझॉल्व्हमधल्या ग्रेडच्या टप्प्यांचा) क्रम सांगा प्लीज.