‘क्वालिफाइड सपोर्ट’ म्हणजे नेमका कसला पाठिंबा?

प्रश्न (कॉलेज रोड, नाशिक): जीआरईच्या (परदेशातल्या उच्च शिक्षणासाठीची प्रवेश परीक्षा) सरावात एक वाक्य आलं : समितीने प्रस्तावाला ‘क्वालिफाइड सपोर्ट’ दिला. क्वालिफाइड म्हणजे पात्र, मग इथे अर्थ कसा लावायचा?

उत्तर: इथे तो पाठिंबा सशर्त आहे, हातचं राखून दिलेला. एखादं विधान ‘क्वालिफाय’ करायचं म्हणजे त्याला मर्यादा घालायची. असे ओळखीचे शब्दच जास्त गोत्यात आणतात, कारण यादीत ते दिसले की आपण पुढे सरकतो. उत्साह ‘फ्लॅग’ होतो म्हणजे ओसरतो. महागाई ‘चेक’ करायची म्हणजे तिला आवर घालायचा. टीका ‘टेम्पर’ करायची म्हणजे सौम्य करायची.

2011 मध्ये या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न गेले. आता शब्द वाक्यातच भेटतो. ‘सेंटेन्स इक्विव्हॅलन्स’ या प्रश्नप्रकारात वाक्याला सारखाच अर्थ देणारे सहापैकी दोन पर्याय निवडायचे, एकच बरोबर आला तर अर्धा गुण मिळत नाही. म्हणून शब्दाचा कल टिपून ठेवा. ‘फ्रूगल’ आणि ‘पार्सिमोनियस’ दोन्हींपुढे काटकसरी लिहून भागत नाही. पहिल्यात कौतुक आहे, दुसऱ्यात बहुतेक वेळा चिक्कूपणा. (विज्ञानाच्या उताऱ्यात मात्र ‘पार्सिमोनियस’ स्पष्टीकरण चांगलं : कमीत कमी गृहीतकांवर उभं असलेलं.)

दुसरं उत्तर (गंगापूर रोड): मराठीचा आधार जरूर घ्या, फक्त नेमका घ्या. ‘इक्विव्होकेट’साठी ‘नरो वा कुंजरो वा’ इतकं चपखल दुसरं काही नाही. मुद्दाम संदिग्ध बोलून दिशाभूल करणं त्यात पुरेपूर आलं.

‘एनर्व्हेट’ला एनर्जीच्या घरात बसवू नका. लॅटिनमध्ये ‘नर्व्हस’ म्हणजे स्नायुबंध. तोच काढून घेतला की अंगात त्राण उरत नाही. मे महिन्याचं ऊन ‘एनर्व्हेट’ करतं.

आणि वाचा! 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे. इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख घेऊन बसा, अडलेला शब्द अख्ख्या वाक्यासह वहीत उतरवा.

प्रश्नकर्ती: धन्यवाद दादा. मग ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे रस नसलेला का?

दुसरं उत्तर: त्याला ‘अनइंटरेस्टेड’ म्हणतात. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा त्यात काही स्वार्थ गुंतलेला नाही असा, तटस्थ. बोलण्यात लोक दोन्ही मिसळतात, पण जीआरईच्या उताऱ्यात हा फरक धरूनच चला. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असावा, ‘अनइंटरेस्टेड’ नसावा.