शेवाळ आहे म्हणून प्रवाळ थांबवू नका

खाऱ्या पाण्याच्या नव्या मत्स्यटाकीत तपकिरी थर आणि शेवाळाचे हिरवे तंतू दिसताहेत, मग प्रवाळ आत्ता सोडावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: सोडा, पण निवडून. तपकिरी थर बहुधा डायटमचा, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळाचा असतो. पाण्यातलं सिलिकेट संपलं की तो आपोआप ओसरतो. हिरव्या तंतूंकडे मात्र लक्ष हवं, कारण ते वाढत प्रवाळांवर चढतात आणि त्यांचा उजेड अडवतात. ते हाताने उपटा, शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी सोडा, बाष्पीभवनाने कमी झालेल्या पाण्याची भर घालायला आरओ-डीआयचंच (गाळून क्षार काढलेलं) पाणी वापरा.

फॉस्फेटची चाचणी शून्य दाखवते यावर विसंबू नका, शेवाळच ते शोषून घेत असतं. आणि कृपा करून नायट्रेट-फॉस्फेट खरोखर शून्यावर नेऊ नका! तिथे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव माजतात, ते शेवाळापेक्षा कितीतरी चिवट. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम (दशलक्षात भाग), फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम पुरे.

अमोनिया आणि नायट्राइट शून्य, क्षारता 8-9 डीकेएच (क्षारता मोजायचं एकक) स्थिर असेल तर मशरूम, झोअँथिड, लेदर कोरल हे काटक मऊ प्रवाळ चालतील. झोअँथिड हाताळताना हातमोजे घालाच, त्यांतल्या काहींमध्ये असणारं पॅलिटॉक्सिन हे विष घातक आहे. अ‍ॅक्रोपोरा हे नाजूक, कठीण सांगाड्याचे प्रवाळ मात्र काही महिने तरी नको.