तुमच्या घराच्या भिंतींचा रंग कोणता होता? (अनुभव धागा)

माजघर: स्विचबोर्ड बदलताना भिंतीचा पोपडा पडला. आत पिस्ता, त्याखाली गुलाबी! गुलाबी म्हणजे थोरल्या काकाचं लग्न. आमच्याकडे कार्य निघाल्याशिवाय रंग निघत नसे. कमरेपर्यंत गडद ऑइलपेंट, वर फिका डिस्टेंपर, मधे बोटभर तपकिरी पट्टी. तुमच्याकडे?

तिरफळ: चुना! गणपतीच्या आधी. पिंपात कळीचे खडे टाकून पाणी ओतलं की रटरटायला लागायचं, आजोबा आम्हाला ओटीवर पिटाळायचे. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून त्यात डिंक आणि पांढरा खुलावा म्हणून चिमूट नीळ. एका वर्षी काकांचा हात सैल सुटला. बाप्पा निळ्या खोलीत बसले.

खालचा_मजला: 😂😂 फोटो टाक

तिरफळ: फोटो कृष्णधवल आहे हो

बोरूबहाद्दर: डिंक घाला नाहीतर काही घाला, टेकलं की शर्ट पांढरा. शाळेत मागच्या बाकावर कोण पेंगलं ते बाईंना पाठीवरून कळायचं.

खालचा_मजला: ऑइलपेंटचं कौतुक नका सांगू. पुसता येतो म्हणून आईने स्वयंपाकघरात लावला, पावसाळ्यात भिंतींना घाम. कॅलेंडर चिकटून बसायचं. थांबा, कुकर झाला.

आक्का_पुणे३०: रबरी रोलरची चंदेरी फुलं कुणाकडे होती? आमच्याकडे कोपऱ्यात जोड चुकला होता, अर्धं फूल इकडे अर्धं तिकडे. पाहुणे आले की बाबा तिथेच खुर्ची टाकत.

बोरूबहाद्दर: आणि एशियन पेंट्सच्या डब्यावरचा गट्टू नावाचा पोरगा! आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला. हातात ब्रश, कपाळावर केस. रिकाम्या डब्यात आमची तुळस होती.

आक्का_पुणे३०: आमच्या डब्यात ज्वारी. तुळस डब्यात जगते? माझी कुंडीतही मरते.

बोरूबहाद्दर: पाणी कमी घाला.

रंगाचं_पाणी: माजघर, तो पिस्ता ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१६च्या नियमाने आली, त्याआधीचं काय सांगावं. भिंत ओली करून खरवडा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

माजघर: अगबाई. धाकटा तेच पोपडे गाडीत भरून खेळतोय. आले.