भावाच्या कमरेची शस्त्रक्रिया आत्ताच करावी की थांबावे?

धायरीकर

माझे थोरले बंधू (वय 44) भोसरीच्या एका कारखान्यात काम करतात. गेले पाच आठवडे त्यांच्या डाव्या कुल्ह्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत असह्य कळ जाते. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी सरकून नस दाबली गेल्याचे आले आहे. एका शल्यचिकित्सकांनी याच आठवड्यात शस्त्रक्रिया करून टाका असे सांगितले, तर दुसऱ्यांनी महिनाभर गोळ्या आणि फिजिओथेरपी चालू ठेवण्यास सांगितले. कोणाचे ऐकावे?

घरची अडचण अशी की वडिलांकडेही पाहावे लागते. ते 71 वर्षांचे आहेत. वर्षभरात वयोमानाने त्यांची चाल अडखळती झाली आहे आणि सदऱ्याची बटणे आई लावून देते. त्यांना दुखत काहीच नाही, परंतु दोघांची उठबस एकाच वेळी आम्हाला जमणार नाही.

सिंहगड रस्ता फिजिओ

तुम्ही कळेबद्दल सविस्तर लिहिले आहे, पण ताकदीबद्दल काहीच लिहिलेले नाही, आणि निर्णय बराचसा तिच्यावर ठरतो. भावाला आधाराला भिंत देऊन दहा पावले टाचांवर चालायला सांगा. डावा चवडा वर उचलला जात नसेल, किंवा अंगठा वर ताणून धरला असता तुम्ही एका बोटाने तो सहज खाली दाबू शकत असाल, तर थांबण्याचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना ते आजच कळवा. जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा आला, किंवा लघवी तुंबली वा नकळत होऊ लागली, तर मध्यरात्रीही रुग्णालय गाठावे. तिथे दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो.

शल्यकर्मी

मी मेंदू व मणक्याच्या शस्त्रक्रिया विभागात काम करतो. न तपासता लिहीत आहे, हे ध्यानात घेऊन वाचावे.

ताकद शाबूत असेल तर तुम्हाला भेटलेले दोन्ही डॉक्टर आपापल्या परीने बरोबर आहेत. नेदरलँड्समध्ये 283 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा ते बारा आठवडे सायटिकाने (नस दाबली गेल्याने कुल्ह्यापासून पायात जाणाऱ्या कळेने) बेजार झालेल्यांपैकी काहींची लवकर शस्त्रक्रिया केली आणि काहींना थांबवले. वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे 95 टक्के लोक बरे झाले होते. फरक वेगाचा होता: लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना साधारण चार आठवड्यांत आराम पडला, थांबलेल्यांना बारा आठवडे लागले, आणि थांबलेल्यांपैकी 39 टक्के लोकांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतलीच. म्हणजे कळ सोसवते का, रजा किती शिल्लक आहे, यावर निर्णय घेण्याची मुभा भावाला आहे. बाहेर आलेला गादीचा तुकडा पुष्कळदा शरीरच हळूहळू जिरवून टाकते.

मला काळजी वाटते ती तुमच्या वडिलांची. अडखळती चाल आणि बटणे न लागणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की मानेतील मज्जारज्जू दाबला जात आहे का, हे पाहावेच लागते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली सुट्या नसांचा जुडगा असतो. त्यामुळे भावाच्या दुखण्यात एक नस अडकली आहे. वडिलांच्या बाबतीत मुख्य वाहिनी, म्हणजे मज्जारज्जूच, दाबली जात असण्याचा संभव आहे. अशा दाबात अनेकदा काहीच दुखत नाही, म्हणूनच तो वयाच्या खात्यावर टाकला जातो.

धायरीकर

सकाळी आईला विचारले. वडिलांची चप्पल चालताना पायातून निसटते आणि ते त्यांना कळत नाही. डोळे मिटून तोंड धुताना ते बेसिन धरतात. वरण-भात कालवणे जमत नसल्याने दिवाळीपासून चमच्याने जेवतात. शस्त्रक्रियेने हे सारे परत येते का? आणि भावाचे आधी की त्यांचे?

शल्यकर्मी

वडिलांचे आधी. त्यांना मूठ वळून उघडण्याची क्रिया दहा सेकंदांत किती वेळा जमते ते मोजा. वीसपेक्षा कमी भरली तर तेही डॉक्टरांना सांगा. मानेचा एमआरआय लांबवू नका, मात्र त्याआधी कोणीतरी त्यांना प्रत्यक्ष तपासायला हवे, कारण मधुमेह किंवा ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांतूनही चाल बिघडते आणि केवळ चित्रावरून हा भेद होत नाही.

दाब ठरला आणि तो मध्यम किंवा तीव्र असला, तर शस्त्रक्रियेचाच सल्ला दिला जातो. पुढून जाऊन गादी काढून मणके जोडणे किंवा मागून मणक्यांची कमान उघडून मज्जारज्जूसाठी जागा वाढवणे, यांतले काय करायचे ते दाब कुठून आणि किती मणक्यांवर आहे त्यावर ठरते. आहे त्यापेक्षा अधिक बिघडू नये, हा पहिला हेतू असतो. सुधारणा अनेकांत होते, पण लक्षणे जितकी जुनी तितकी ती तोकडी पडते. हात सुधारला आणि चाल तशीच राहिली, असेही घडते. मागून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काहींचा खांदा काही महिने उचलत नाही. ही जोखीम आधीच विचारून घ्यावी. पुष्कळ घरांत ती नंतर कळते आणि मग डॉक्टरांवर राग निघतो.

तोवर सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणे कायमचे बंद, मालिशही नको, आणि न्हाणीघरात पकडायला दांडी बसवा. मज्जारज्जूची वाट अरुंद असलेल्या मानेला साध्या पडण्यानेही दोन्ही हात लुळे पडण्याइतकी इजा होऊ शकते.

कर्वेनगरची सून

माझ्या सासऱ्यांची मानेची शस्त्रक्रिया झाली आहे. खर्चाचे एवढेच सांगते: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नेमके काय बसते, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) दाखल होण्यापूर्वी विचारा. आणि आईंना दुपारी तासभर मोकळीक मिळेल अशी माणसांची पाळी आत्ताच लावा, कारण पहिले दोन आठवडे कॉलर घालून अंघोळ घालण्याचे काम एकट्या बाईच्या आवाक्यातले नसते.

धायरीकर

सोमवारची वेळ वडिलांच्या नावाने घेतली आहे. भाऊ टाचांवर नीट चालला. तो महिनाभर थांबतो म्हणाला.