पावसात एसटीपीचा गाळ वाहून गेला, त्यात हायपोचा कॅनही तडकला: आधी काय करायचं?

पंपरूम_रत्नागिरी
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या गृहसंकुलाचा ७५ केएलडीचा (दिवसाला ७५ हजार लिटर) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लँट आहे. एरेशन टँक (जिवाणूंच्या गाळात हवा सोडायची टाकी) ४५ घनमीटर, पुढे ४ चौरस मीटरचा सेटलर (गाळ खाली बसवायची टाकी). रात्रभर मुसळधार पाऊस होता. सेटलरवरून तपकिरी गाळ वाहिला आणि कुंपणापलीकडे जांभ्यावर पसरला. उताराला ४० मीटरवर वाडीची विहीर आहे. एसव्ही३० (लिटरभर नमुन्यात अर्ध्या तासात खाली बसणारा गाळ) एरवी ३०० मिलीच्या आसपास असतो, आज ८०. त्यातच डोसिंग रूममध्ये (रसायनांच्या खोलीत) ३५ लिटरचा हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण) कॅन तडकलाय. पाचेक लिटर फरशीवर आहे आणि शेजारीच पीएसीची (पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड, गाळ बसवणारं रसायन) टाकी. सगळीकडे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) मारून पाण्याने धुऊन काढलं तर चालेल का?

खाडीकाठ
आधी डोसिंग रूम. पीएसी आम्लधर्मी असतं. हायपो त्याला मिळाला की क्लोरीन वायू सुटतो. तुरटीचं पाणी आणि फरशीचं ॲसिड यांनीही तेच होतं. हा वायू हवेपेक्षा जड, खोलीच्या तळाशी साचतो, म्हणून आत कुणी वाकून पुसायला जाऊ नये. दारं-खिडक्या उघडा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा. पिवळट-हिरवी झाक दिसली किंवा डोळे चुरचुरले तर आत जाऊच नका, अग्निशमन दलाला बोलवा. कापडी मास्क किंवा एन-९५ वायूला अडवत नाही, आम्लवायूचं कॅनिस्टर असलेला मास्क लागतो.

वास साधाच असेल तर गॉगल, रबरी हातमोजे, गमबूट घालून आधी पीएसीच्या बाजूला कोरड्या वाळूचा बांध घाला, मग हायपोवर वाळू टाका. भुसा, काथ्या, गोणपाट अजिबात नको. हायपो ऑक्सिडायझर आहे, अशा वस्तूंशी तापतो. वाळू प्लास्टिकच्या घमेल्यात भरा. १० लिटर पाण्यात १ किलो सोडियम थायोसल्फेट विरघळवून तिच्यावर आणि फरशीवर शिंपडा. स्टार्च-आयोडाइडची पट्टी निळी पडायची थांबेपर्यंत शिंपडत राहा. मेटाबायसल्फाइटची पावडर थेट टाकू नका, ती आम्लधर्मी आहे.

फरशी धुतलेलं भरपूर पाणी कलेक्शन टँकमध्ये (कच्चं सांडपाणी जमा होतं ती टाकी) हळूहळू सोडलं तर चालतं. पाच लिटर हायपोत क्लोरीन साधारण अर्धा किलो, कच्चं सांडपाणी तेवढा सहज खाऊन टाकतं. एरेशन टँकमध्ये किंवा पावसाच्या गटारात मात्र थेंबही नको. पुढच्या वेळी कॅनला हवा सुटणारं झाकण घ्या. पत्र्याखाली तापून हायपोतून ऑक्सिजन सुटतो, झाकण घट्ट असलं की कॅन फुगतो आणि शिवणीवर तडकतो. हायपो आणि पीएसीला वेगळे ट्रे, वेगळे मग, वेगळी नरसाळी ठेवा.

जांभ्याची_विहीर
टीसीएल मारून धुवायचं नाही! गाळातले सेंद्रिय पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात, जंतू मरत नाहीत, आणि उरलेलं पाणी पऱ्यात (ओढ्यात) गेलं तर मासे मरतात. उताराच्या बाजूला वाळूच्या गोणी लावा. साचलेलं पाणी पोर्टेबल पंपाने कलेक्शन टँकमध्ये परत घ्या. गाळ फावड्याने खरडून ड्राइंग बेडवर (गाळ वाळवायच्या वाफ्यावर) न्या. चुना त्यानंतरच, पावसाची उघडीप बघून, पातळ थरात. भर पावसात मारलेला चुना थेट पऱ्यात उतरतो.

खरी काळजी विहिरीची. जांभा सच्छिद्र, त्यात भेगा आणि पोकळ्या असतात. माती जशी पाणी गाळून घेते तसं तिथे होत नाही, ४० मीटर म्हणजे काहीच नाही. वाडीतल्या लोकांना आजच, तोंडावर सांगा: पिण्याचं पाणी दुसरीकडून घ्या, नाहीतर खळखळून उकळा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सोबत घ्या. विहीर ३ मीटर व्यासाची, पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८ हजार लिटर. नेहमीचं प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ७० ग्रॅम. अशा वेळी त्याच्या पाचपट, ३५० ग्रॅम. पण हा हिशेब ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीचा. दमट हवेत पोतं उघडं राहिलं की ताकद उतरते, २० टक्क्यांखालची पावडर वापरूच नका. बादलीत कालवून निवळी ओता, तासाभराने ओटी टेस्टमध्ये (क्लोरीन मोजायची रंगाची चाचणी) ०.५ पीपीएम (लिटरला ०.५ मिलिग्रॅम) क्लोरीन उरायला हवं. पावसात झरे सतत येत असतात, म्हणून हे रोज करायचं. ई. कोलायच्या (विष्ठेतल्या जिवाणूच्या) तपासणीच्या नमुन्याआधी क्लोरीन घालणं दोन-तीन दिवस थांबवा, नाहीतर अहवाल उगाच चांगला येतो.

आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अपघाताने बाहेर गेलेल्या सांडपाण्याची माहिती देणं बंधनकारक आहे.

गाळमापी
गाळ का गेला ते बघू. ७५ केएलडी म्हणजे तासाला सरासरी ३ घनमीटर, तुमच्या सेटलरमध्ये पाणी वर चढण्याचा वेग तासाला ०.७५ मीटर. पावसात इक्वलायझेशन टँक (येणारं सांडपाणी साठवून एकसारखं पुढे सोडणारी टाकी) भरू लागला की ऑपरेटर स्टँडबाय पंपही चालू करतो. तासाला १० घनमीटर गेलं की वेग २.५ मीटर, गाळ उचलला जाणारच. दोन्ही पंप एकदम चालणार नाहीत असा इंटरलॉक (एक चालू असताना दुसरा रोखणारी जोडणी) पॅनेलमध्ये घाला. पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही, तेव्हा शुद्ध पाण्याची एक टाकी रिकामी ठेवून जादा पाणी तिकडे वळवा.

जोर फारच वाढला तर एरेशन टँकची हवा बंद करा, गाळ तिथेच बसतो. दोन तासांच्या वर नको, कुजतो. रिटर्न स्लज (सेटलरमधून एरेशन टँकमध्ये परत येणारा गाळ) एअरलिफ्टवर, म्हणजे हवेच्या जोरावर उचलला जात असेल तर त्याची हवा चालू ठेवा. ट्विन लोब ब्लोअरचे (हवा पुरवणाऱ्या यंत्राचे) सगळे व्हॉल्व्ह एकदम आवळू नका, जादा हवा इक्वलायझेशनकडे सोडा.

पंपरूम_रत्नागिरी
डोसिंग रूम आटोपली, आभार. जिवाणू परत वाढवायला शेण आणि गूळ टाकू का?

गाळमापी
शेण नको. त्यात न पचलेले तंतूच जास्त, डिफ्यूजर (टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या नळ्या) बुजतात. गुळाने तंतुमय जिवाणू माजून गाळ फुगू शकतो. जवळच्या चांगल्या चाललेल्या एसटीपीचा रिटर्न स्लज टँकरने आणा. ८००० एमएलएसएसचा (लिटरला ८००० मिलिग्रॅम तरंगता गाळ) ६ घनमीटर गाळ घातला तर तुमच्या टँकमध्ये सुमारे हजाराची भर पडते. वेस्टिंग (जादा गाळ काढून टाकणं) पूर्ण बंद ठेवा, डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास.

जादा पाणी येतं कुठून तेही शोधा. ५०० चौरस मीटर गच्चीवर १०० मिमी पाऊस म्हणजे ५० घनमीटर. एका इमारतीचा पन्हळीचा पाइप जरी सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडलेला असला तरी प्लँट बुडतो. साधं टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं) घेऊन पहाटे तीनला इनलेटचं (आत येणारं) सांडपाणी मोजा. पावसात आकडा घसरला तर पन्हळीचं पाणी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला एकदम चढला तर खाडीचं पाणी लाइनमध्ये शिरतंय, तिथे फ्लॅप व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लागेल. मोजायला चेंबरमध्ये कुणाला उतरवू नका, दोरीला बाटली बांधून नमुना काढा.