पहिलं बाळ, पण उशिरा: बाळंतपणाच्या क्लासमधले अनुभव

४२व्या वर्षी पहिलं बाळ येतंय. गेल्या शनिवारी नवऱ्यासोबत पहिल्यांदा अँटिनेटल क्लासला गेले. दारातच शिकवणाऱ्या ताईंनी हसून विचारलं, "मुलगी मागून येतेय का?" मी काही न बोलता जॅकेटची चेन उघडली. त्या इतक्या ओशाळल्या की मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

मग बाहुलीला डायपर घालायची वेळ आली. नवऱ्याचा जवळचा चष्मा गाडीत राहिलेला. त्याने चाचपत चाचपत डायपर लावला तो मागचं पुढे करून, आणि उचलल्याबरोबर बाहुलीच्या गुडघ्यांपर्यंत उतरला. शेजारचं पंचविशीतलं जोडपं स्वतःचं आटोपून फोटो काढत होतं. परत येताना गाडीत आम्ही दोघंही गप्प.

अजून पाच क्लास आहेत. जावं की घरीच व्हिडिओ बघावेत, असं चाललंय. उशिरा आईबाप झालेले कोणी असाल तर लिहा. गोडगोड नको, झालं तसं लिहा.

*

मी तेव्हा ४७, बायको ४१. सगळ्यात अवघड काय, तर जमिनीवरच्या मॅटवरून उठणं. आठव्या महिन्यातली बायको माझ्याआधी उठली आणि तिने मला हात दिला.

क्लासमध्ये 'पाच-एक-एक' शिकवलं. कळा दर ५ मिनिटांनी, एकेक कळ १ मिनिटाची, असं १ तास चाललं की निघायचं. (प्रत्येकीला हेच लागू होत नाही, आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा.) मी तक्ता केला, रकाने आखले, फ्रिजवर लावला. प्रत्यक्षात रात्री २:४० ला बायकोचं पाणी गेलं (म्हणजे गर्भजलाची पिशवी फुटली) आणि कळ एकही नाही! तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. पण ताईंनी जाता जाता सांगितलेलं डोक्यात राहिलं होतं. पाणी गेलं की कळांची वाट बघत बसायचं नाही, वेळ आणि रंग बघायचा, फोन करून निघायचं; हिरवट, तपकिरी किंवा लाल दिसलं तर एक क्षणही थांबायचं नाही. लेबर रूममध्ये नर्सने पहिलं तेच विचारलं. किती वाजता, रंग कसा.

दुसरी कामाला आलेली गोष्ट म्हणजे कंबरेवरचा दाब. माकडहाडाच्या वर जो चपटा भाग असतो, तिथे कळ आली की तळव्याने दाबायचं. मी आपला हळुवार चोळत होतो. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवून जोर लावला आणि म्हणाल्या, "कपाट सरकवताय असं समजा." चौदा तास ते कपाट सरकवलं. दुसऱ्या दिवशी मनगटात चमचा धरायची ताकद नव्हती. श्वासांचं म्हणाल तर मी मोजायला लागलो, तशी बायको म्हणाली, "तू बाहेर जाऊन मोज."

जा क्लासला. व्हिडिओ तुमच्या हातावर हात ठेवून जोर लावून दाखवत नाही.

*

आमचं तीनदा अर्ध्यावर राहिलं होतं, हे चौथं. वय ३९, आयव्हीएफ. २८ आठवडे होईपर्यंत मी क्लासला नाव घातलं नाही, बाळाचं एक झबलंही घेतलं नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकीने आपलं नाव आणि तारीख सांगायची होती. माझी पाळी आली तेव्हा तोंडातून आलं, "सगळं नीट पार पडलं तर..." आणि पुढे शब्दच फुटेना. शिकवणाऱ्या बाईंनी फक्त मान हलवली आणि पुढचीकडे वळल्या. तेवढ्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

मला उपयोग झाला तो हालचाली मोजण्याचा. रोज साधारण एकाच वेळी कुशीवर पडायचं, २ तासांच्या आत १० हालचाली जाणवायला हव्यात. आणि नेहमीची लय बिघडल्यासारखी वाटली तर आकडा पुरा व्हायची वाट न बघता निघायचं. ३३व्या आठवड्यात एका रात्री सहावरच गाडी अडली. गेले. पोटाला पट्टे बांधले, ठोके अगदी व्यवस्थित. निघताना उगाच धावपळ केली म्हणून माफी मागितली, तर ड्युटीवरची मुलगी म्हणाली, "उद्या पुन्हा वाटलं तर उद्या पुन्हा या."

गेले ना पुन्हा. लेक आता चार वर्षांची आहे, एका जागी दोन मिनिटं बसत नाही.

*

मी जरा उलटं लिहिते. माझी वार (प्लॅसेंटा) खाली, पिशवीच्या तोंडावर होती, म्हणून सिझर आधीच ठरलेलं. सहा क्लासमध्ये सिझरला मिळाली दहा मिनिटं. बाकी वेळ श्वास, चेंडू आणि मंद संगीत. वय वाढलं की सिझरची शक्यता वाढते हे सगळ्यांना माहीत, मग आम्हालाच कोपऱ्यात का बसवायचं?

जे मला शेजारच्या खाटेवरच्या बाईने शिकवलं ते इथे लिहून ठेवते. सिझरनंतरही काही आठवडे अंगावरून जातंच. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर देऊन उठायचं. खोकला, शिंक, हसू आलं की टाक्यांवर उशी दाबून धरायची. पाजताना बाळाला बगलेतून धरायचं, पाय आपल्या पाठीकडे, म्हणजे पोटावर भार येत नाही. चार वाक्यं आहेत हो. संगीत पाच मिनिटं कमी वाजलं असतं तर बसली असती.

*

मी हे क्लास घेते. 'मुलगी मागून येतेय का' वाचून माझेच कान तापले, कारण मी एकदा एका होणाऱ्या बाबांना "आजोबा, तुम्ही खुर्चीवर बसा" म्हटलंय. तेव्हापासून फक्त "या, बसा".

फाइलवर 'एल्डरली प्रायमी' (म्हणजे ३५ किंवा त्याहून जास्त वयाची पहिलटकरीण) वाचून बायका हिरमुसून येतात. ३५ची ही रेघ १९५८ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ओढली. वाढदिवसाच्या रात्री बारा वाजता शरीरात काही बदलत नाही, पण चढ आहे हे खरं. डाउन सिंड्रोमची शक्यता ३५व्या वर्षी साधारण ३५० मध्ये १, तर ४०व्या वर्षी १०० मध्ये १. रक्तदाब आणि साखर यांचंही तसंच. म्हणून चाळिशीतल्या आयांकडून मी हे घोकून घेते: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली दुखणं, चेहरा अचानक सुजणं. यातलं काहीही झालं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही.

सिझरची तक्रार मान्य, पुढच्या बॅचपासून पूर्ण तास देते. आणि डायपर पंचविशीतलेही उलटाच लावतात, फोटो बघितल्यावर त्यांना कळतं.

*

एकटीने जाणाऱ्या कोणी असाल तर तुम्हीही जा. मी ४१, सोबत कोणी नाही. जोडीच्या व्यायामाला माझ्या वाट्याला एक २६ वर्षांची मुलगी आली, तिचा नवरा परगावी. दोघींची बाळं नऊ दिवसांच्या अंतराने झाली. पहाटे तीनला "ताई, जागी आहेस?" असा मेसेज यायचा. जागीच असायचे.

*

धागा काढणारी मीच. सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. कपाटाचं त्याला फार पटलंय, आत्ताच सराव मागतोय. एक राहिलंच: आमचा २९वा आठवडा चालू आहे, सगळे क्लास तारखेआधी होतील ना?

*

४७वाला. होतील, पण मध्ये सुट्टी घेऊ नका. या वयात डॉक्टर कधीकधी तारखेआधीच कळा आणायचं ठरवतात. आम्ही ३४व्या आठवड्यात सुरू केलं आणि शेवटचा क्लास बुडाला. त्यात ढेकर काढायला शिकवणार होते. अजूनही आमच्या खांद्यावर दूधच येतं.